वाराला लागणारा वेळ

‘डार्क सोल्स’ हा जपानी गेम २०११ साली आला. तो सुरू केला की, एकही शत्रू दिसण्याआधी, खेळणाऱ्यापुढे दहा क्लासची यादी येते. योद्धा, नाइट, भटक्या, चोर, दरोडेखोर, शिकारी, मांत्रिक, अग्निविद्या जाणणारा, पुरोहित आणि सगळ्यात शेवटी अंगावर धड कपडेही नसलेला एक कफल्लक. प्रत्येकाच्या नावापुढे आठ आकडे असतात: ताकद किती, चपळाई किती, बुद्धी किती, श्रद्धा किती वगैरे. या आकड्यांचा पुढे काय उपयोग होणार, शत्रू कसा अंगावर येतो, ढालीवर किती भिस्त ठेवता येते, यातलं तोवर काहीच ठाऊक नसतं. तरी निवड करावीच लागते. दहावीचा निकाल हातात पडला की पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला विज्ञान, वाणिज्य की कला असं विचारतात, त्यातलाच हा प्रकार. इथे सल्ला द्यायला शेजारचे काका नसतात एवढंच. त्यांची जागा आता यूट्यूबने घेतली आहे.

त्याच पडद्यावर एक भेटवस्तूही निवडायची असते. कुलपं उघडणारी किल्ली, दुर्बीण, एखादी अंगठी, आणि एक साधं लॉकेट. या लॉकेटचा काही उपयोग नाही, असं गेम स्वतःच सांगतो. पण गेमचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी सांगून ठेवलं होतं की आपण तर लॉकेटच घेऊ, नाहीतर काहीच घेणार नाही. मग काय, लोक ते लॉकेट घेऊन प्रत्येक भिंतीपाशी, प्रत्येक पुतळ्यापुढे जाऊन उभे राहिले. २०१२ मध्ये मियाझाकींनी कबूल केलं की ती त्यांची खोडी होती. मला हा किस्सा फार आवडतो. पुढचं काहीच माहीत नसताना माणूस वस्तूच्या गुणांपेक्षा ती सुचवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून निवड करतो, हे त्या खोडीने उघडं पाडलं.

गंमत अशी की या गेममध्ये क्लास ही फक्त सुरुवात असते. पुढे ताकद वाढवली तर मांत्रिकाला हवी ती तलवार पेलते, आणि बुद्धी वाढवली तर योद्ध्यालाही मंत्र येतात. तो कफल्लक बघा. हातात सोटा, दुसऱ्या हातात फळीची ढाल, बाकी काही नाही. पण त्याचे आठही आकडे ११ असतात आणि तो सहाव्या लेव्हलपासून सुरू होतो. इतर नऊ जण त्याच्या मागे असतात. म्हणजे आकड्यांच्या हिशेबात दहाही वाटा पुढे कुठेतरी एकमेकींना मिळतात. मग निवडीने नक्की ठरतं काय? पहिले काही तास. आणि पहिल्या काही तासांत लागलेली सवय शेवटपर्यंत सुटत नाही. ढाल वर धरून सुरुवात केलेला खेळाडू साठ तासांनंतरही आधी ढालच वर करतो. दुरून मंत्र फेकत आलेल्याला शत्रू दोन पावलांवर आला की घाम फुटतो.

या पुस्तकातल्या सगळ्या लेखांमागचं म्हणणं एकच आहे. अॅक्शन गेममध्ये शस्त्र निवडणं म्हणजे वेळ निवडणं. बटण दाबल्यापासून वार लागेपर्यंत जाणारा वेळ, वार झाल्यावर सावरायला जाणारा वेळ, आणि तेवढ्या अवधीत आपण किती उघडे पडतो ते. क्लास निवडणं म्हणजे आपल्याला कोणती चूक परवडेल हे आधीच ठरवून टाकणं. डॅमेजचा आकडा या सगळ्याच्या नंतर येतो, जरी बहुतेकांची नजर आधी त्याच्यावरच पडत असली तरी.

क्लासची सुरुवात व्हिडिओ गेममध्ये झालीच नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांवर चालणारा खेळ काढला. त्यात क्लास तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि पुरोहित. चोर पुढच्या वर्षी एका पुरवणीतून आला. त्या पहिल्या नियमांनुसार सगळ्या शस्त्रांचं डॅमेज सारखंच होतं. खंजीर असो की दोन हातांची तलवार, सहा बाजूंचा फासा टाकायचा आणि येईल तो आकडा वजा करायचा. शस्त्रागणिक वेगळा फासा आला तोही त्या पुरवणीतूनच. पुरोहिताला धारदार शस्त्र वर्ज्य होतं, त्याने गदेने किंवा हातोड्याने भागवायचं. आज कोणत्याही गेममध्ये बरं करणाऱ्याच्या हातात बोथट काहीतरी दिसलं की त्याचा माग त्या खेळाच्या पहिल्या तीन पातळ पुस्तिकांपर्यंत नेता येतो.

फासा टाकणाऱ्याला घाई नसते. टेबलाभोवती बसलेली माणसं चहा पिऊन मग वार करतात. क्लासला घड्याळ जोडलं ते आर्केडने. अटारीच्या १९८५ च्या ‘गॉन्टलेट’मध्ये योद्धा, वाल्किरी, जादूगार आणि एल्फ अशी चार पात्रं होती, चार जण एकाच मशीनपुढे उभे राहून खेळत, आणि नुसतं उभं राहिलं तरी जीव कमी होत जाई. वाढवायचा तर खाद्य शोधा किंवा नाणं टाका. योद्धा जवळच्या मारामारीत सरस, एल्फ पळण्यात. पण जीव प्रत्येक सेकंदाला गळत असताना सावकाश पात्र घेणं ही खिशाला लागणारी गोष्ट होती. ‘डायब्लो’ दशकभराने घराघरातल्या संगणकांवर आला आणि त्याने योद्धा, रोग (rogue) आणि जादूगार यांना माऊसच्या क्लिकवर आणून ठेवलं. तिथून पुढचा इतिहास सरळ आहे, त्यात मी फार रेंगाळणार नाही.

रेंगाळण्यासारखी जागा म्हणजे ‘मॉन्स्टर हंटर’. कॅपकॉमची ही मालिका २००४ पासून चालू आहे आणि तिच्यात क्लास हा प्रकारच नाही. शस्त्र हाच क्लास. २०१३ मध्ये चौथा भाग आला तेव्हापासून शस्त्रांचे चौदा प्रकार आहेत, आणि ते इतके वेगळे आहेत की एका प्रकारात तरबेज असलेला माणूस दुसरा हातात घेतल्यावर पुन्हा बालवाडीत जातो. ग्रेट सोर्ड पाठीवरून काढून खांद्यामागे ताणून धरायची असते. जितका वेळ ताणाल, तीन टप्प्यांपर्यंत, तितका वार जबर. पण त्या वेळात तुम्ही जागचे हलत नाही आणि राक्षसी प्राणी हलत असतो. म्हणून तो आत्ता जिथे आहे तिथे मारून उपयोग नाही. दोन सेकंदांनी त्याचं डोकं जिथे असेल तिथे मारावं लागतं. एकदा वार सुटला की तो मागे घेता येत नाही. हवेत गेला तर हवेत.

याउलट लान्सवाला. त्याच्याकडे लांब भाला आणि भिंतीएवढी ढाल. तो प्राण्याच्या पायाशी चिकटून राहतो, फटका ढालीवर घेतो, टोचतो, पुन्हा फटका घेतो. त्याला भविष्य ओळखावं लागत नाही, फक्त जागा सोडायची नसते. हंटिंग हॉर्न हे तर वाद्यच आहे: प्रत्येक फटक्यातून एक स्वर, स्वर जुळले की धून, आणि धून वाजली की चारही साथीदारांना बळ. हॉर्नवाला शत्रूपेक्षा आपल्या पुढच्या तीन स्वरांचा विचार करत असतो. शेपूट तोडायची तर कापणारं शस्त्र लागतं, डोक्यावर मारून भोवळ आणायची तर हातोडा. त्यात प्राण्याचा जीव किती उरला हे पडद्यावर दाखवतच नाहीत. तो लंगडायला लागला की समजायचं. अशा खेळात ‘सगळ्यात भारी शस्त्र कोणतं’ हा प्रश्न विचारता येतो, पण उत्तर ऐकून हाती काही लागत नाही. तुम्हाला कशाची वाट बघायला आवडते, असा प्रश्न विचारला तर मात्र एक प्रकार सापडतो आणि मग लोक वर्षानुवर्षं तो बदलत नाहीत. मी स्वतः ग्रेट सोर्डची पक्षपाती आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचे लेख त्या हिशेबाने वाचावेत.

‘डार्क सोल्स’मध्ये हाच व्यवहार वजनाच्या भाषेत होतो. सुरुवातीच्या शेकोटीजवळच्या स्मशानात, सांगाड्यांच्या गराड्यात, त्स्वाइहेंडर नावाची अजस्र जर्मन तलवार पडलेली असते. पळत जाऊन उचलली की पहिल्या अर्ध्या तासात ती तुमची. ती एका हातात पेलायला २४ ताकद लागते. पण दोन्ही हातांनी धरलं की ताकद दीडपट मोजतात, म्हणजे १६ पुरते, आणि योद्ध्याची सुरुवातच १३ पासून असते. हा हिशेब कळला की कित्येकांच्या डोळ्यांत चमक येते. पण ढाल गेली. आणि तलवार, चिलखत, शिरस्त्राण यांचं मिळून वजन तुमच्या ऐपतीच्या निम्म्याहून वर गेलं की लोळण जड होते: माणूस धप्पकन पडतो आणि उठायला वेळ लावतो. वजन पाव भागाच्या आत ठेवलं तर तो फिरकीसारखा निसटतो. लोळणीत काही क्षण असे असतात की तेव्हा वार लागतच नाही. चिलखताने सोसायचं की त्या क्षणांवर जगायचं, हे वजनकाटा ठरवतो. मियाझाकींच्याच २०१५ च्या ‘ब्लडबोर्न’ने तर हा वाद एका बाजूने निकालात काढला. त्यात ढाल जवळपास नाहीच. जी एक फळकुटासारखी मिळते तिच्या वर्णनातच ढालीआड लपणाऱ्यांना कोपरखळी मारलेली आहे.

नंतर २०१९ मध्ये त्याच दिग्दर्शकाने निवडच काढून घेतली. ‘सेकिरो’त क्लास नाही, लेव्हलचे आकडे नाहीत, तलवार एकच. डाव्या हाताच्या जागी बसवलेल्या कृत्रिम हातात काही अवजारं बदलता येतात, ती अडचणीत कामाला येतात, पण मुख्य काम त्या एका कताना तलवारीचं. शत्रूचा वार नेमक्या क्षणी अडवायचा, त्याचा तोल ढासळवायचा, मग एकच घाव. जिथे अडलात तिथून दुसरी वाट नाही. परत येऊन जड चिलखत चढवणं नाही, मित्राला मदतीला बोलावणं नाही. पुष्कळांनी तो अर्धवट सोडला, आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून त्यालाच निवडलं. निवडीचं महत्त्व मला सर्वांत स्पष्ट कळलं ते तिथे. ‘डार्क सोल्स’मध्ये शस्त्र निवडताना मी खरं तर गेमचा वेग ठरवत होते, ‘सेकिरो’मध्ये वेग ठरलेला आहे आणि आपल्याला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. दोन्हींतलं श्रेष्ठ कोणतं यावर एका लेखात मी बरीच भवती न भवती केली आहे.

इथवर माणूस बहुतेक एकटा होता. चार माणसं आली की क्लासचं काम बदलतं, कारण मग आपली चूक दुसऱ्याला भोगावी लागते. २००७ च्या ‘टीम फोर्ट्रेस २’मध्ये नऊ क्लास आहेत आणि वाल्व्ह कंपनीने ते अशा रीतीने रेखाटले की नुसत्या सावलीवरून कोण येतंय ते ओळखावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे अमेरिकन चित्रकार जे. सी. लायेनडेकर यांची शैली त्यांनी त्यासाठी समोर ठेवली होती. हेवी नावाचा गडी ३०० जीव घेऊन सावकाश चालतो, स्काउट १२५ घेऊन वाऱ्यासारखा पळतो. लांबून आकृती दिसली की शत्रूकडे काय आहे, त्याला किती वेळ लागेल आणि आपल्याकडे किती आहे, हा हिशेब डोक्यात आपोआप होतो. शस्त्रनिवडीचा निम्मा अर्थ समोरच्याला ती कळण्यात असतो, हे या गेमइतकं नेटकं कुणी दाखवलेलं नाही.

पण मेडिक व्हायला कुणी तयार नसतं. हे दुखणं जुनं आहे. ‘ओव्हरवॉच’मध्ये सगळ्यांना बंदूक चालवायची असे आणि सांभाळणारा, बरं करणारा मिळत नसे, शेवटी २०१९ मध्ये ब्लिझार्डने दोन टँक, दोन डॅमेज, दोन सपोर्ट अशी सक्तीच केली. उलट्या दिशेचा प्रयोग ‘बॅटलफील्ड २०४२’ने करून पाहिला. २०२१ मध्ये त्यांनी मालिकेचे ठरलेले क्लास मोडून कुणालाही काहीही घेता येईल असं केलं. मैदानात सगळे सगळं करू लागले आणि कुणाला कुणाची गरज उरली नाही. ओरड झाली, आणि २०२३ मध्ये क्लास परत आले. आपल्याकडच्या ‘बीजीएमआय’त तर क्लास मुळातच नाहीत, तरी कुठलीही बऱ्यापैकी टीम बघा: एक जण आयजीएल, म्हणजे मैदानातला कर्णधार, दोघे असॉल्टर, एक सपोर्ट. गेमने दिले नाहीत म्हणून पोरांनी स्वतः करून घेतले.

बंदुकांच्या खेळांत निवडीला आणखी एक बाजू असते, ती म्हणजे काय टाकून द्यायचं. १९९३ च्या ‘डूम’मध्ये पिस्तुलापासून रॉकेटपर्यंत सगळं एकाच वेळी अंगावर असे, आकड्याची कळ दाबली की हातात. २००१ च्या ‘हेलो’ने दोनच बाळगायला दिली आणि प्रत्येक पडलेली बंदूक हा एक पेच झाला. ‘काउंटर-स्ट्राइक’ने मध्ये पैसा आणला. शतकाच्या सुरुवातीला पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंमध्ये तासाच्या दराने जी पिढी त्याची १.६ आवृत्ती खेळली, तिला अर्थशास्त्राची पहिली शिकवणी तिथेच मिळाली. पहिल्या फेरीत हातात ८०० डॉलर. पुढे एके-४७ घ्यायची तर २५००, दुरून एका गोळीत मारणारी एडब्ल्यूपी घ्यायची तर ४७५०. हरलो आणि पैसे संपले, तर एक फेरी पिस्तुलावर काढायची, तिला इको म्हणतात, म्हणजे पुढच्या फेरीला सगळ्यांना मिळून काहीतरी धड घेता येईल. त्यात एके फक्त एका बाजूलाच विकत मिळते. दुसऱ्या बाजूला हवी असेल तर मेलेल्याची उचलावी लागते. पुढच्या ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये एडब्ल्यूपीने एक मारला तर बक्षीस १०० डॉलर आणि सुरीने मारला तर १५००. धोका किती पत्करला त्याचा इतका रोखठोक दर दुसऱ्या कुठल्या खेळात मी पाहिलेला नाही.

आता ‘मेटा’बद्दल दोन शब्द, कारण याविषयी बोलताना ते टाळता येत नाही. कोणतं शस्त्र सध्या सर्वांत फायद्याचं, याच्या उतरंडी लावणं हा आता स्वतंत्र उद्योग झाला आहे. ‘एल्डन रिंग’ फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि काही दिवसांत जो तो जमिनीवर पाय आपटून बर्फाची लाट सोडू लागला, शिवाय स्वतःचीच प्रतिकृती मदतीला बोलावू लागला. मार्चमधल्या अपडेटने दोन्ही कमजोर केले. ज्यांनी केवळ यादी बघून आपलं पात्र घडवलं होतं त्यांच्या हातात एका रात्रीत भलतंच काही राहिलं; ज्यांनी ते आवडलं म्हणून घेतलं होतं ते किंचित कुरकुरले आणि खेळत राहिले. यादी बघू नये असं माझं म्हणणं नाही. अडलेल्या माणसाने वाट विचारावी. पण यादी डॅमेज सांगते, हातात ते शस्त्र कसं वाटेल ते सांगू शकत नाही.

याच ‘एल्डन रिंग’च्या शस्त्रसाठ्यात आपल्या ओळखीची काही नावं आहेत. कट्यार आहे, केरळची उरुमी चाबकांच्या गटात आहे, आणि जून २०२४ च्या विस्तारात पट्टाही आला, मुठीत बसवायच्या शस्त्रांमध्ये. योगायोग असा की त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. आनंद झाला हे खरं, पण गेममधल्या त्या पट्ट्यातून दांडपट्टा भेटत नाही. कोल्हापूरकडे मर्दानी खेळांत ज्याने तो फिरताना पाहिला आहे त्याला हे चटकन कळेल. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हाताला झाकते, त्यामुळे मनगट वळतच नाही. फिरवायचं ते खांद्याने आणि कमरेने. म्हणून त्याला थांबणं नाही. थांबला की ते नुसतं एक लांब, अवजड पातं. असं शस्त्र गेममध्ये खरोखर उतरवायचं तर बटणागणिक एक वार या हिशेबाने चालणार नाही. एकदा फिरायला लागला की वेग वाढत जाईल, दिशा बदलायची तर पावलांनी, आणि थांबायलाच सगळ्यात जास्त वेळ लागेल. ग्रेट सोर्डच्या अगदी उलट. असं कुणी अजून केलेलं माझ्या पाहण्यात नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला तेव्हा त्यांनी त्रिशूळ आणि धनुष्य हाताशी धरलं, पुराणांच्या बाजूने गेले. ‘राजी’तला त्रिशूळ खांबाभोवती गिरकी घेतो, भिंतीवरून उडी मारून खाली येतो; मारामारी मध्येच विस्कळीत होते, पण शरीर कसं हलावं याचा विचार तिथे दिसतो. पट्ट्याचा विचार कुणीतरी त्याच रीतीने करायला हवा.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडं. यात आकडे मुद्दाम कमी ठेवले आहेत. कंपन्या दर काही महिन्यांनी ते बदलतात आणि छापील पान बदलत नाही. वाराचा वेग, त्याची लय, हत्यार उचलतानाचा खांद्याचा झोक सहसा बदलत नाहीत, म्हणून लिहिलं आहे ते त्यांच्याबद्दल. ज्यांनी कंट्रोलर कधी हातात धरलेला नाही त्यांनी ‘मॉन्स्टर हंटर’च्या लेखापासून सुरुवात करावी, तो सर्वांत सोपा आहे. ज्यांचे या खेळांत शेकडो तास गेले आहेत त्यांनी थेट भाल्याच्या लेखाकडे जावं. तो इतरांपेक्षा लांबला आहे. ‘डार्क सोल्स’मध्ये ढाल वर धरूनच भाला टोचता येतो, आणि तसं खेळणाऱ्यांना भित्रे म्हणून हिणवायची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. ती का मान्य नाही, हे सांगायला त्या लेखाची सगळी पानं लागली.